जिप्सीचा फुटलेला ॲल्युमिनियम ब्लॉक : वाचेल की नाही? (प्रकल्प नोंदी)

१० फेब्रुवारी २०२५

जिप्सी काल रात्री ट्रकवरून उतरवली, आज दुपारपर्यंत इंजिन बाहेर काढून स्टँडवर घेतलं. गाडी २००८ ची, मारुती जिप्सी किंग. इंजिन जी१३बीबी : १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (इंजेक्शननं पेट्रोल फवारणारं). ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे (ओतीव लोखंडाचे) लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतात त्या नळ्या.

गाडीमालक डॉक्टर आहेत. जानेवारीत ते स्पितीला गेले होते. हिवाळ्यात मनालीकडून येणारी कुंझुम खिंड बंद असते, म्हणून किन्नौरच्या अंगाने वर चढले आणि काझ्यात मुक्काम केला. रात्री पारा उणे वीसच्या आसपास. सकाळी स्टार्टर मारला तेव्हा पंख्याचा बेल्ट किंचाळला. डॉक्टरांनी लगेच चावी बंद केली. दुपारी गाडी उन्हात ढकलून उभी केली, तेव्हा ब्लॉकच्या कुशीतून पाणी गळायला लागलं. तिथल्या मेकॅनिकनं बघितलं, मान हलवली आणि गाडी ट्रकवर चढवायला सांगितलं.

खालच्या होजमध्ये उरलेलं थोडं पाणी आम्ही बाटलीत धरून ठेवलं होतं. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला : जेमतेम उणे चार अंशांपर्यंत टिकेल एवढंच कुलंट त्यात होतं. मागच्या उन्हाळ्यात होज गळत होता, तेव्हा जो तो रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतत गेला. कोल्हापुरात त्यानं काही बिघडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कुलंट आणि पाणी निम्मंनिम्म असतं तर साधारण उणे ३७ पर्यंत गोठलं नसतं. गोठताना पाणी ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं, आणि ते फुगणं ओतीव धातूच्या भिंतीला पेलत नाही.

या सगळ्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी इंजिन पळवलं नाही. पाण्याविना चार किलोमीटर जरी गाडी ओढली असती, तरी आजची तपासणी वेगळ्याच दिशेनं गेली असती.

११ फेब्रुवारी

हेड, सम्प, क्रँक, पिस्टन सगळं काढलं. हेडला आणि वॉटर पंपाच्या बॉडीला डोळ्यांना काही दिसत नाही. रेडिएटरच्या दोन नळ्या उकलल्या आहेत, तो नवा घ्यावा लागेल.

ब्लॉक धुण्याबाबत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : हा ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत जाणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय बिडाची. तेल इंजिनाचा ब्लॉक आला की गरम कॉस्टिक सोड्यात बुडवायचा, दुसऱ्या दिवशी लख्ख काढायचा. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो, हायड्रोजन सोडत धातूच विरघळायला लागतो. नवीन पोराला हे तोंडी सांगून भागत नाही, कारण त्याचा हात सवयीनं टाकीकडेच जातो.

बाहेरून डिग्रीझर आणि नायलॉनचा ब्रश. वॉटर जॅकेटच्या (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीच्या) आत गंज आणि क्षार बसलेत, त्यासाठी कोमट सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी फिरवलं आणि नंतर भरपूर साधं पाणी. ब्रेक क्लीनरचे डबे रॅकवरून उचलून आत ठेवले. त्यातल्या काहींमध्ये क्लोरीनचं द्रावक असतं. ते भेगेत मुरून राहिलं आणि वर वेल्डिंगचा आर्क पेटला, तर त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पुढे वेल्डिंग झालं तर फक्त ॲसिटोन वापरायचं.

१२ फेब्रुवारी

आज भेग शोधली. आधी जुन्या पद्धतीनं. ब्लॉकच्या कुशीला रॉकेल लावलं, अर्धा तास मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. दहा मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटली : डेकच्या (हेड जिथे बसतं त्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) खाली ३५ मिमीवर, जवळजवळ आडवी, दुसऱ्या सिलिंडरच्या मध्यापासून तिसऱ्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत. लांबी ११८ मिमी.

मुख्य भेग दाखवायला रॉकेल पुरतं, तिचे केसासारखे फाटे दाखवायला पुरत नाही. म्हणून नंतर डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत मुरणारा रंग. क्रँकशाफ्ट तपासायला आमच्याकडे चुंबकाचं यंत्र आहे, पण ते इथे निरुपयोगी, ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. लाल डाय लावला, वीस मिनिटं ठेवला, फडक्यावर क्लीनर घेऊन पुसला (सरळ ब्लॉकवर फवारला तर भेगेतला रंगही धुऊन जातो), मग पांढरा डेव्हलपर.

मुख्य रेघ ठसठशीत आली. तिच्या डाव्या टोकाला मात्र एक बारीक फाटा दिसला. तो वर डेककडे, हेड बोल्टच्या बॉसच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या जाड भागाच्या) दिशेनं चढतो. रंग हळूहळू, फिकट येतोय. बॉसपर्यंत पोचतो की आधीच थांबतो, हे आज सांगता येत नाही.

वर्कशॉपमध्ये सगळे ११८ मिमीकडे बोट दाखवत होते. माझं लक्ष त्या फाट्यावर आहे.

१३ फेब्रुवारी

डॉक्टर आले. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता : "एवढी लांब भेग, वेल्डिंग टिकेल का?"

मी त्यांना ब्लॉकजवळ नेलं आणि लांबीचा विषय बाजूला ठेवला. ब्लॉक बाहेरून एकसंध दिसला तरी त्याच्या प्रत्येक जागेवरचं ओझं वेगळं असतं. कुशीची बाहेरची भिंत फक्त पाणी धरते. रेडिएटरच्या झाकणाचा दाब एक बारच्या आतबाहेर, तापमान शंभराच्या आसपास. त्या भिंतीला फुट-दीड फुट भेग गेली तरी ती जोडता येते. त्याच ब्लॉकमध्ये दोन इंच खाली मेन बेअरिंगचा (क्रँक ज्यात फिरतो त्याचा) पडदा आहे. प्रत्येक स्फोटाचा धक्का क्रँकमधून तिथे उतरतो. तिथे नखाएवढी भेग असली तरी मी ब्लॉकला हात लावणार नाही, कारण वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू तापून मऊ पडतो. ओतल्यानंतर उष्णता देऊन त्याला जी ताकद आणलेली असते, ती त्या पट्ट्यात उरत नाही. पाण्याच्या भिंतीला त्याचं काही वाटत नाही, बेअरिंगच्या पडद्याला वाटतं.

ऑइल गॅलरीत (तेलाच्या वाटेत) दाब चार-पाच बारपर्यंत जातो, आणि तिथून पाण्यात तेल किंवा तेलात पाणी शिरलं तर बेअरिंग जातात. डेकवर दोन बोअरच्या (सिलिंडरच्या भोकांच्या) मधे भेग गेली तर गॅस्केटच्या खाली जळत्या वायूचा दाब येतो. आणि हेड बोल्टचा बॉस : त्यात बोल्ट टॉर्कला (ठरलेल्या ताकदीनं) आवळला की कित्येक टन ओढ त्या दोर्‍यांवर कायमची बसते.

डॉक्टरांना हे लगेच कळलं. "म्हणजे फ्रॅक्चर कुठल्या हाडाचं आहे ते महत्त्वाचं," ते म्हणाले. हो, तसंच.

मग तपासणीचा निकाल यायच्या आधीच आम्ही नकाराच्या अटी लिहून काढल्या. फाटा बोल्टच्या भोकात शिरला असेल तर नाही. पाण्याच्या आणि तेलाच्या वाटा एकमेकींना कुठे मिळत असतील तर नाही. मेन बेअरिंगची रांग वाकली असेल तर नाही. त्याखाली त्यांनी सही केली, मीही केली. हे मी मुद्दाम करतो. दहा दिवस एखाद्या कामात घातले की मन तडजोडीच्या वाटा शोधायला लागतं. मग गिऱ्हाईकही म्हणतं, "बघा ना, काहीतरी होईल," आणि होऊ नये ते होतं.

१५ फेब्रुवारी

मापं घेतली. डेकवर स्ट्रेट एज ठेवून सहा दिशांनी फिलर गेज घातला : ०.०४ मिमी भेगेच्या बाजूला, बाकी ठिकाणी ०.०२ जाईना. बोअर ७४ मिमीचे, डायल बोअर गेजनं प्रत्येकी तीन खोलींवर, दोन दिशांना मोजले. लंबगोलपणा जास्तीत जास्त ०.०३, तोही चौथ्या सिलिंडरला, भेगेपासून लांब. म्हणजे तो गाडी चालून आलेला, बर्फानं आलेला नाही.

मेनच्या कॅप टॉर्कला आवळून पाचही बेअरिंगच्या भोकांतून घासून सरळ केलेली पट्टी घातली आणि खालून ०.०३ ची पाती सरकवून बघितली. कुठेच शिरली नाही.

इंजिन खरंच तापलं नव्हतं ना, याचा पुरावा हवा होता. शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये ब्लॉक नेला, धातूचा कठीणपणा (ब्रिनेल) मोजायला. तिथल्या पोरानं सवयीनं बिडाचा ३००० किलोचा भार लावायला घेतला होता. ॲल्युमिनियमला १० मिमीच्या गोळीवर ५०० किलो पुरे. भेगेजवळ, डेकच्या कडेला आणि मागच्या टोकाला असे ठसे घेतले, आकडे सगळीकडे ८० च्या आसपास. ब्लॉक कुठे तापून मऊ पडला असता तर तिथला आकडा घसरलेला दिसला असता. हेडचेही ठसे घेतले, तेही ठीक.

फाउंड्रीतल्या एकानं विचारलं, वेल्च प्लग का उडाले नाहीत, ते बर्फासाठीच असतात ना? बऱ्याच जणांची ही समजूत आहे. ब्लॉक ओतताना आतलं पाण्याचं पोकळ घर वाळूच्या कोअरनं घडवतात. ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि ती भोकं नंतर प्लगनं बुजवतात. बर्फाच्या दाबानं प्लग कधी उडतो, कधी त्याच्या आधी भिंत फुटते. त्याच्यावर विसंबून कुणी राहू नये.

१८ फेब्रुवारी

आज पाण्याच्या आणि तेलाच्या वाटा तपासल्या. डेकवर जाड रबर आणि पोलादी प्लेट हेडच्या जागी आवळली, पंपाची आणि होजची तोंडं बुजवली. मुख्य भेग बाहेरून रबर आणि क्लॅम्पनं तात्पुरती दाबली. वॉटर जॅकेटमध्ये हवा भरली आणि ऑइल गॅलरीची सगळी तोंडं, बोअरच्या आतल्या भिंती, मेनचे पडदे साबणाच्या पाण्यानं माखले.

दाबलेल्या भेगेतून थोडी हवा सुटत होती, ती अपेक्षित. गॅलरीकडे एकही बुडबुडा नाही, बोअरमध्ये नाही.

मग जॅकेटमध्ये ८० अंशांचं पाणी फिरवून पुन्हा तेच केलं. हे दुसऱ्यांदा करण्यात अर्धा दिवस जातो आणि बरेच जण ते टाळतात. पण ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. थंडीत मिटलेली भेग गरम झाल्यावर उघडते, आणि बिडाच्या लायनरभोवतीची पकड गरम झाल्यावर बदलते. थंड ब्लॉकवरचा निकाल हा निम्माच निकाल. गरम ब्लॉकवरही आतली बाजू कोरडी राहिली.

दोन अटी पार पडल्या. उरला फाटा.

१९ ते २१ फेब्रुवारी

फाट्यावर तीन दिवस. पहिल्या दिवशी कार्बाइडच्या बरनं त्या रेघेवरची अर्धा मिमी कातडी खरवडली आणि पुन्हा डाय लावला. ओतकामाच्या कातडीवर कधी कधी थंड धातूची घडी पडलेली असते. ती भेगेसारखीच दिसते आणि खरवडली की नाहीशी होते. ही नाहीशी झाली नाही. म्हणजे भेगच.

मात्र रेघ आखूड झाली होती. आणखी अर्धा मिमी खरवडल्यावर आणखी आखूड. वरच्या टोकाकडे ती पृष्ठभागालगतच आहे, खोल जात नाही. आता तिचं टोक बॉसच्या भोकापासून १४ मिमी दूर.

पण बाहेरून काय दिसतं यावर भोकाच्या आतलं ठरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते बोल्टचं भोक ॲसिटोननं स्वच्छ केलं, हवेनं कोरडं केलं, त्यात काठोकाठ रॉकेल भरलं आणि वर टेप लावली. बॉसभोवती बाहेरून आणि जॅकेटच्या आतून, जिथवर हात पोचतो तिथवर, खडूचा दाट लेप. रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी खडू कोरडा. रॉकेलची पातळी जिथल्या तिथे. त्यानंतर भोकात डाय भरूनही खात्री केली, बाहेर रंगाचा ठिपकाही नाही. रॉकेलचा पृष्ठताण इतका कमी असतो की पाणी जिथून जात नाही तिथूनही ते वाट काढतं. ते बारा तासांत बाहेर आलं नाही, यावर मी विश्वास ठेवतो.

डॉक्टरांना फोन केला : तिन्ही अटी सुटल्या. ब्लॉक दुरुस्तीला पात्र आहे.

२२ फेब्रुवारी

पात्र आहे म्हणजे करायचाच, असं नाही. डॉक्टरांच्या मित्रानं जुन्या बाजारातून अख्खं इंजिन शोधलं होतं, एस्टीमचं. घराणं एकच, पण एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि जिप्सीत उभं, त्यामुळे बरीच अदलाबदल करावी लागते. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद बदलून घेणं आलं, जुन्या इंजिनाच्या खरेदीचे कागद आले, विम्याला कळवणं आलं. भंगारातून आलेल्या इंजिनाचे कागद नीट नसले तर पुढे गाडी विकताना किंवा अपघाताच्या दाव्यात माणूस अडकतो. आणि त्या इंजिनाचा इतिहास कुणाला ठाऊक? या ब्लॉकची प्रत्येक मापं माझ्या वहीत आहेत. मी दुरुस्तीच्या बाजूनं कौल दिला, डॉक्टरांनी मान्य केला.

आता कशानं जोडायचा.

इपॉक्सी पुट्टी नको. अशा भिंतीवर चांगली धातूची पुट्टी काही वर्षं निघते, हे मी बघितलं आहे, पण गरम-थंड होताना ती आणि ॲल्युमिनियम सारखे फुगत नाहीत. अडचणीच्या जागी, घरी पोचण्यापुरती ती ठीक. रेडिएटरमध्ये ओतायचं लिक-स्टॉप तर नकोच, ते भेगेच्या आधी रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या बुजवतं.

हल्ली साध्या गॅसच्या टॉर्चवर वितळणारे जस्ताचे रॉड मिळतात. डब्याच्या पत्र्यावर त्यांची करामत छान दिसते. ते बसायला पायाचा धातू चारशे अंशांच्या घरात जावा लागतो. ॲल्युमिनियम उष्णता बिडाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं पळवतं, त्यामुळे एक जागा तेवढी तापवायची तर अख्खा ब्लॉक तापतो. लायनरची पकड सुटेल, धातूची ताकद जाईल.

मेटल स्टिचिंग हा खरा पर्याय होता. भेगेवर एकमेकांत अडकणारे दोर्‍यांचे पिन बसवत जायचे, उष्णता शून्य. मोठ्या जहाजी इंजिनांवर हे काम पिढ्या चालत आलं आहे आणि ॲल्युमिनियमवरही होतं. इथे भिंत पातळ आहे, पाच मिमीच्या आसपास, पिनच्या दोर्‍याला धरायला फारसं मांस नाही. फाटा बॉसमध्ये खोल गेला असता तर मी आधी स्टिचिंगचाच विचार केला असता.

उरलं टिग वेल्डिंग. एसी करंट, शुद्ध आर्गन. वेल्डर मामांशी बोललो.

२५ फेब्रुवारी

मामा ब्लॉक बघायला आले. त्यांनी कुठलाही कागद मागितला नाही. ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथे काही बिघडणार नाही अशा जागी, एक टिपका वितळवून बघितला. धातू शांत वितळला तर काम होतं. त्यातून बुडबुडे फुटायला लागले, टिपका काळवंडून चाळणीसारखा झाला, तर धातूत ओततानाचाच वायू कोंडलेला आहे. दाबानं साच्यात मारलेल्या ओतीव भागांत हे हमखास होतं, आणि तिथे कितीही हात चालवला तरी जोड सच्छिद्रच राहतो. टिपका वितळला, एक-दोन बारीक छिद्रं आली, बाकी चकचकीत बसला. "होईल," मामा म्हणाले, "पण आत तेल-कुलंट मुरलंय. भाजून काढा आदी."

त्यांच्याकडे जोडात भरायचे ५३५६ या प्रकारचे ॲल्युमिनियमचे रॉड भरपूर होते, टाक्या आणि फ्रेमच्या कामाचे. ते परत ठेवायला लावले. त्यात पाच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं, आणि ६५ अंशांच्या वर सतत राहणाऱ्या जागी असा जोड कालांतरानं तडकू शकतो. इंजिनाची भिंत रोज त्याच्या वर असते. पाच टक्के सिलिकॉनचे ४०४३ मागवले. सिलिकॉनमुळे ते ओतकामाच्या धातूशी जुळतात आणि थंड होताना चिरत नाहीत.

१ मार्च

तयारी. मुख्य भेगेच्या उजव्या टोकाला आणि फाट्याच्या वरच्या टोकाला ३ मिमीची भोकं मारली, भेग पुढे पळू नये म्हणून. भोक दिसणाऱ्या टोकावर मारायचं नाही. डायनं दाखवलेल्या टोकाच्या दोन-तीन मिमी पुढे मारायचं, कारण खरं टोक दिसतं त्याच्या पुढे असतं. मारून झाल्यावर पुन्हा डाय : भोकांच्या पलीकडे रेघ नाही.

कार्बाइड बरनं व्ही खाच काढली, भिंतीच्या जवळजवळ आरपार. ग्राइंडिंगचा दगड लावला नाही, त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि जोडात कचरा होतो. स्टीलचा ब्रशही नवा, कधीच लोखंडाला न लागलेला.

मग ओव्हनमध्ये १५० अंशांवर चार तास. बाहेर काढला तेव्हा खाचेच्या कडेला तपकिरी चिकट घाम आला होता. पुसला, ॲसिटोन, परत ओव्हन. दुसऱ्या खेपेला घाम नाही.

२ मार्च

वेल्डिंग. हेडच्या जागी ३५ मिमीची पोलादी प्लेट टॉर्कला आवळलेली, मेनच्या कॅप जागेवर आवळलेल्या, म्हणजे ब्लॉक ओढला तरी त्याला हलायला जागा कमी. इंजिन नंबरवर पत्रा बांधला. आर्क तिथून लांब होता, तरीही.

ब्लॉक १३० अंशांवर आणला. तापमान बघायला टेंपरेचर क्रेयॉन आणि चिकटवलेला थर्मोकपल. लेझरची गन मुद्दाम बाजूला ठेवली. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी सोडतं, त्यामुळे गन खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते. डोळ्यांवर तर विसंबायचंच नाही. बीड तापलं की लाल होतं, वेल्डरला कळतं. ॲल्युमिनियम शेवटपर्यंत रंग बदलत नाही आणि अचानक कोसळतं. वरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या वर वितळते आणि तिच्या आतला धातू सहाशेच्या आत. एसी करंट लागतो तो ती साय फोडायलाच.

मामांनी फाटा आधी घेतला, नंतर मुख्य भेग. इंचभर, थांबायचं, लांबची दुसरी जागा, पुन्हा इंचभर. प्रत्येक तुकड्यानंतर थर्मोकपल बघायचा. १६० च्या पुढे गेला की काम बंद, चहा. मधे एका ठिकाणी डबक्यात काळं वर आलं, मामांनी लगेच थांबून तेवढं बरनं खोदून काढलं आणि नव्यानं भरलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. टोचणीच्या लयीत रॉड आत-बाहेर, डबकं कायम आरशासारखं. हा हात असल्याशिवाय ही सगळी तपासणी वाया गेली असती.

संध्याकाळी काचलोकरीच्या गोधडीत गुंडाळून ठेवला. सकाळपर्यंत उघडायचा नाही.

४ मार्च

प्रेशर टेस्ट, थंड, २ बार. मुख्य जोड कोरडा. फाट्याच्या जोडाच्या मध्यावर एक बारीक फेस, सावकाश, मिनिटाला दोन-चार बुडबुडे.

हा पाझर सच्छिद्रतेचा, तड्याचा नाही, हे डायनं दाखवलं : रेघ नाही, एकच गोल ठिपका. वरून आणखी एक थर मारण्याचा मोह इथे होतो. त्यानं छिद्राचं तोंड झाकतं आणि वायू आतच राहतो. छिद्र तळापर्यंत खोदलं, भाजलं, मामांनी पुन्हा भरलं. गाडीचे भाग ओतणाऱ्या कारखान्यांत अशी सूक्ष्म छिद्रं निर्वात टाकीत राळ भरून बुजवतात, ती सोय मी राखून ठेवली होती.

६ मार्च

थंड २ बार, अर्धा तास : काटा हलला नाही. ८० अंशांच्या पाण्यावर २ बार : काटा हलला नाही. ब्लॉक तीनदा तापवून-थंड करून पुन्हा घेतला. कोरडा. गॅलरीकडे कोरडं.

१० मार्च

मापं परत घेतली, कारण जोड धरणं हे निम्मंच काम होतं. मेनची रांग जशी होती तशी, ०.०३ ची पाती शिरत नाही. डेकवर ०.०४ चे ०.०६ झाले, भेगेच्याच बाजूला. बोअर दोन आणि तीनचा लंबगोलपणा ०.०१ नं वाढला. लायनर कुठे सैल झाले का, हे डेकवर लायनरच्या कडेभोवती डाय लावून बघितलं, रिंग उमटली नाही.

डेक सरफेस ग्राइंडरवर ०.०८ घेतला. एवढ्यानं कॉम्प्रेशन आणि टायमिंग बेल्टच्या ताणात दखल घ्यावी असा फरक पडत नाही. टॉर्क प्लेट लावून हलकं होनिंग (बोअर आतून घासणं), चौथ्याला थोडं जास्त. पिस्टन जुनेच, रिंगा नव्या.

१९ मार्च

इंजिन बांधलं. हेड बोल्ट नवे, मॅन्युअलच्या क्रमानं आणि टप्प्यानं. त्या बॉसमधल्या बोल्टला टॉर्क रेंच लावताना सगळे जवळ आले होते. इतरांसारखाच चढला, मऊ लागला नाही. आवळून झाल्यावर बॉसवर शेवटचा डाय. स्वच्छ.

२७ मार्च

गाडी चालू आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, एकदा ज्योतिबाच्या घाटात दुसऱ्या गिअरवर मुद्दाम ओढत नेली, पंखा दोनदा लागला, काटा मध्यावर. कुलंट निम्मंनिम्म, डिस्टिल्ड पाण्यात. रिफ्रॅक्टोमीटर उणे ३६ दाखवतो. तेल स्वच्छ, पातळी जागेवर. जोडावर रंग मारलेला नाही, पाझर आला तर दिसला पाहिजे.

पाडवा ३० तारखेला आहे, गाडी त्याआधी न्यायची डॉक्टरांची इच्छा होती, उद्या नेतील. १००० किमीला परत आणायची : जोड, बॉस आणि होजचे क्लॅम्प टॉर्च लावून बघायचे, थंड इंजिनावर १ बारचा दाब दहा मिनिटं धरायचा. पातळी कमी झाली तर वरून पाणी न ओतता आधी फोन करायचा, हे कार्ड रेडिएटरच्या झाकणाला तारेनं बांधलं आहे. पुढच्या हिवाळ्यात त्यांना झंस्करला जायचं आहे. नोव्हेंबरात ब्लॉक गरम-थंड दोन्ही परत तपासून मगच हो म्हणेन.